एकोणिसावा आवाज

तहसीन मुजावरचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते.

"मॅडम, तुम्हाला लिनक्स येतं ना? म्हणजे ते जुनं, काळ्या पडद्यावर टाइप करायचं?"

"येत होतं," मी म्हटलं. "आता बोटांना विचारावं लागेल."

"विचारा आणि उद्या सकाळीच या. सरांना घेऊन या. त्यांचं मशीन फार तर चार-पाच दिवस काढेल, आणि प्रोग्रॅम मला दारातच उभं करतोय."

तहसीन मिरजेच्या श्रवण केंद्रात श्रवणतज्ज्ञ आहे. तिचा थोरला भाऊ आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथ शिकला, माझ्या नवऱ्याच्या हाताखाली. म्हणून श्रीपाद तिचे सर, आणि मी त्याच कॉलेजच्या कॉम्प्युटर रूममध्ये एकतीस वर्षं काढली म्हणून मॅडम. कॉलेज बंद होऊनही आता बरीच वर्षं झाली, पण मिरज-सांगलीत आम्हाला अजून याच नावांनी ओळखणारी माणसं भेटतात.

श्रीपादचे कान वर्कशॉपने खाल्ले. घणाच्या शेजारी उभं राहून तीस वर्षं शिकवलं. कानात बोळे घाला म्हटलं की हसायचे. आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक नळी असते, तिच्यात बारीक केसांच्या पेशी असतात. त्या ध्वनीची वीज करून मेंदूकडे पाठवतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. दोन हजार चौतीस साली त्यांच्या उजव्या कानात रोपण केलं. शंखात बावीस टोकांची एक तार घातली, आणि कानामागे एक छोटं मशीन. मशीन आवाज घेतं, त्याचे बावीस भाग करतं आणि प्रत्येक टोकाला हवी तेवढी वीज देतं. कोणत्या टोकाला किती द्यायची याचा जो तक्ता, त्याला नकाशा म्हणतात. ज्याचा त्याचा नकाशा वेगळा.

एवढं तर पूर्वीपासून होतं. आमच्या रोपणात नवं होतं ते असं, की ते शिकायचं. माणूस एखाद्या आवाजाकडे लक्ष देतो तेव्हा मेंदूच्या लहरी त्या आवाजाच्या चढउताराबरोबर चढतात-उतरतात. कानातली तीच तार त्या लहरी टिपायची. मग चहाच्या टपरीवरच्या गलक्यात माणूस कुणाचं ऐकतोय हे मशीनला कळायचं, आणि तो आवाज ते पुढे आणायचं, बाकीचे मागे सारायचं. रोज थोडं थोडं. बारा वर्षांत श्रीपादच्या नकाशात बावीस आकड्यांच्या जागी हजारो ओळी झाल्या होत्या.

दोन हजार बेचाळीस साली ती कंपनी बुडाली. कानातली तार कानात राहिली, दुरुस्त करणारं कुणी राहिलं नाही. या उन्हाळ्यात कानामागच्या मशीनची स्मृती विटायला लागली. बोलता बोलता एखादं अक्षरच गळून पडायचं. तहसीनने हुबळीच्या एका घरातून तसंच दुसरं मशीन मिळवलं. तिथले आजोबा वारले होते. पण ते कोरं होतं. जुन्या मशीनमधला नकाशा काढून त्यात भरायचा होता, आणि तो काढायच्या आत जुनं मशीन बंद पडलं तर बारा वर्षं पुसली जाणार होती. पहिल्यांदा रोपण झालं तेव्हा माणसांचं बोलणं श्रीपादना डब्यात खिळे हलवल्यासारखं ऐकू यायचं. खिळ्यांची माणसं व्हायला अकरा महिने लागले. तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. आता एकोणऐंशी.

"पुन्हा पहिलीत बसवणार असशील तर मी शाळा सोडली," ते सकाळी निघताना म्हणाले.

"बसवत नाही!" मी म्हटलं. शेजारच्या गॅलरीतल्या बाईंनी वर बघितलं.

केंद्रात गेल्या गेल्या तहसीनने त्यांच्या कानामागचं मशीन काढून टेबलावरच्या खाचेत ठेवलं. त्या क्षणापासून श्रीपाद पूर्ण बहिरे. त्यांनी खिशातून पाटी काढली, हल्ली मिळते ती पातळ, पुसायची, आणि खिडकीशी शब्दकोडं घेऊन बसले. "माझ्याबद्दल वाईट बोला, संधी आहे," असं म्हणाले, स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे भलत्याच मोठ्याने.

आता मूळ अडचण. नकाशा काढणारा प्रोग्रॅम विंडोजसाठी लिहिलेला. केंद्रातलं शेवटचं विंडोज मशीन गेल्या वर्षी जळालं, त्यातली डिस्क तेवढी वाचली. बाकी सगळीकडे लिनक्स. विंडोजचा प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायचा तर मध्ये दुभाष्या लागतो. माझी मावशी बेळगावात दिली होती. बाजारात आम्ही मराठीत विचारायचो, ती भाजीवालीशी कानडीत बोलायची, उत्तर आम्हाला मराठीत सांगायची. माझ्या धाकट्या भावाला कितीतरी दिवस वाटत होतं की आपण सांगलीतच आहोत. हा दुभाष्या तेच करतो. प्रोग्रॅम विंडोजच्या पद्धतीने काहीतरी मागतो, दुभाष्या ते लिनक्सच्या पद्धतीने मागून आणून देतो. प्रोग्रॅमला आपण परगावात आहोत याचा पत्ताही नसतो.

"परवा चाललं होतं, मॅडम," तहसीन म्हणाली. "म्हणजे उघडलं होतं. काल उघडेना. आता बघा."

तिने आज्ञा दिली. एकच ओळ आली: हे फोल्डर तुमच्या मालकीचं नाही.

ती ओळ बघून मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. आमच्या कॉम्प्युटर रूममध्ये चपला बाहेर काढून यावं लागायचं. आत एसीचा गारवा, हिरव्या अक्षरांचे आठ पडदे, आणि दिवसातून दहा वेळा कुणीतरी हाक मारायचं, मॅडम, माझी फाइल उघडत नाही. मी फोल्डरमधल्या फाइलींची यादी मागवली, हक्कांसकट.

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलवर तीन जणांचे हक्क लिहिलेले असतात: मालकाचे, मालकाच्या गटाचे आणि बाकी सगळ्या जगाचे. वाचायला चार, लिहायला दोन, चालवायला एक, आणि ज्याला जेवढं द्यायचं त्याची बेरीज. ज्याला सगळं द्यायचं त्याला सात. या तिघांच्याही वर एक असतो, रूट. त्याला कुणी अडवत नाही. यादीत प्रत्येक ओळीवर मालक म्हणून त्याचंच नाव होतं.

"तहसीन, परवा तू रूट होऊन चालवलंस का हे?"

तिने पंख्याकडे बघितलं. "एकदाच. काहीतरी अडत होतं, म्हटलं एकदा रूटने सुरू करून बघू."

"आणि दुभाष्याने आपलं सगळं बिऱ्हाड रूटच्या नावावर मांडलं. काल तू तहसीन म्हणून आलीस. तुला कोण दार उघडणार?"

"अल्ला! म्हणजे मीच केलं?"

"सगळेच करतात. आमचे एक प्रोफेसर दर सेमिस्टरला करायचे आणि दर सेमिस्टरला माझ्यावर ओरडायचे."

"मग सगळ्यांना सगळं देऊन टाकू या ना. सातशे सत्याहत्तर. एका मिनिटाचं काम."

"मी इथे बसलेली असताना नाही. हा माणसाचा कान आहे. या केंद्रात अकरा जण या मशीनवर बसतात. उद्या कुणी दुसरी फाइल साफ करायला गेलं आणि ही पुसली तर?"

रूटचा पासवर्ड तिने मला सांगितला. एका ओळीत सगळं बिऱ्हाड परत तहसीनच्या नावावर केलं. प्रोग्रॅम उघडला. निळी चौकट, कोपऱ्यात त्या बुडालेल्या कंपनीचं हसणारं कानाचं चित्र. तहसीनने टाळी वाजवली. आणि लगेच खाली लाल अक्षरं: मशीन सापडत नाही.

खाचेची वायर जोडलेली होती, दिवा लागत होता. पण वायरशी बोलायचा हक्क लिनक्समध्ये एका ठराविक गटाला असतो, आणि तहसीन त्या गटात नव्हती. मी तिला गटात घातलं. तरी लाल अक्षरं. पुन्हा तपासलं, नाव बरोबर होतं. जुन्या मशीनचा दिवा आता अधूनमधून पापणी लवल्यासारखा मिटत होता.

"काय झालं?" खिडकीतून श्रीपादनी गर्जना केली. "दोघी अशा काय बसलात, निकाल लागल्यासारख्या?"

मी हाताने थांबा म्हटलं. चौऱ्याण्णव साली याच गोष्टीपायी माझा अख्खा एक दिवस गेला होता. काय होतं ते? काहीतरी अगदी साधं. मी डोळे मिटले आणि ती रूम समोर आणली, तो गारवा, पायांना लागणारी फरशी.

"बाहेर पड," मी तहसीनला म्हटलं.

"काय?"

"खोलीतून नाही, मशीनमधून. लॉगआउट कर आणि पुन्हा आत ये. कोण कुठल्या गटात हे ते फक्त आत येतानाच विचारतं. तू आत बसल्यावर मी तुला गटात घातलं, त्याला काय माहीत?"

ती बाहेर पडली, आत आली. लाल अक्षरं गेली. हिरवी पट्टी सरकू लागली: वाचन चालू, बावन्न मिनिटं.

शेजारच्या खोलीत एका लहान मुलीची तपासणी होती. तहसीन उठली. "मॅडम, फाइल नीट येतेय ना तेवढं बघत बसा. रिकाम्या ओळी आल्या तर हाक मारा."

म्हणून मी फाइल उघडली. बघायलाच सांगितलं होतं. साध्या मजकुराची फाइल होती, कुणालाही वाचता येईल अशी. वर बावीस टोकांचे आकडे, आणि त्याखाली आवाजांची यादी. नावं नव्हती, क्रमांक होते. प्रत्येक आवाजापुढे शून्य ते एकमधलं वजन, शेवटचा कधी ऐकला ती तारीख, आणि ओळख पटवायला दोन-दोन सेकंदांचा एक नमुना. नमुने ऐकायची काही गरज नव्हती. रिकाम्या ओळी डोळ्यांना दिसतातच. तरी मी इअरफोन घातले.

एक नंबर ते स्वतः. पाच नंबर म्हणजे कॅन्टीनचे चौगुले, जाऊन चार वर्षं झाली त्यांना: "फोरमन, आज साखर कमी की—" वजन पॉइंट अठ्ठ्याऐंशी. मशीनने अजून त्यांची जागा ठेवली होती. बारा नंबर आमची लेक मैत्रेयी, नागपूरहून फोनवर. चौदा म्हणजे कुकरची शिट्टी, तिला पॉइंट सहा!

एकोणीस नंबरला एक बाई ओरडत होती. "अहो! कानात घातलंय का नाही?" चिरका, वरच्या पट्टीतला, वैतागलेला आवाज. मला वाटलं आमच्या जिन्यातली कुणी असेल. वजन पॉइंट सतरा. शेवटचा ऐकल्याची तारीख बघितली: आज सकाळ, आठ चाळीस.

मी पुन्हा लावलं. मग पुन्हा.

मग वर गेले आणि वगळलेला तीन नंबर ऐकला. "चहा ठेवू का? की आंघोळ आधी?" खाली, सावकाश, वाक्य संपताना किंचित हसणारा. वजन पॉइंट त्र्याण्णव. यादीत सगळ्यांत जास्त. शेवटचा ऐकला: एकवीस ऑगस्ट, दोन हजार एकोणचाळीस.

मशीनच्या लेखी या दोन बायका होत्या. एक सात वर्षांपूर्वी निघून गेली होती, आणि दुसरी तेव्हापासून घरात राहत होती.

त्या ऑगस्टमध्ये काय झालं ते मला आठवलं. मशीन दुरुस्तीला कंपनीकडे गेलं होतं, तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत मी ओरडायला शिकले. उपयोग नव्हता, पूर्ण बहिऱ्या माणसापुढे ओरडून काय होणार, पण हातवाऱ्यांबरोबर घसाही वर जायचा. मशीन परत आलं, घसा खाली आला नाही. तहसीनच्या आधीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, रोपणवाल्याशी ओरडून बोलू नका, त्याला ते टोचतं. घरी गेल्यावर कोण लक्षात ठेवतं! अचानक मोठा आवाज आला की मशीन तो दाबायचं. दाबलेल्या आवाजाकडे यांचं लक्ष कमी जायचं. लक्ष कमी म्हणून वजन कमी. मला वाटायचं हे ऐकत नाहीत, की मी आणखी वर चढायची. सात वर्षं आम्ही तिघं मिळून हे करत होतो. मी मनात धरून बसले होते की यांना माझा कंटाळा आलाय. मैत्रेयीजवळ तसं बोललेही होते.

हिरवी पट्टी अर्ध्यावर आली होती. वाचन संपलं की हीच फाइल नव्या मशीनमध्ये जाणार होती. आणि रूटचा पासवर्ड अजून माझ्याकडे होता. पॉइंट सतरा खोडायचं, पॉइंट नव्वद लिहायचं. घरी जाईपर्यंत माझा आवाज त्यांच्या डोक्यात सगळ्यांच्या पुढे येऊन उभा राहिला असता, त्यांना वाटो न वाटो. कुणाला कळलं नसतं. त्यांनाही नाही.

अठ्ठ्याण्णव साली आमच्या विभागप्रमुखांनी मला एका शिक्षकाची टपालपेटी उघडून दाखवायला सांगितलं होतं. मी म्हटलं, सर, मला उघडता येते म्हणूनच मी उघडणार नाही. ते दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मला त्या वाक्याचा फार अभिमान होता. आज नमुने ऐकून मी तो घालवला होता, पण ऐकणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. चाराचं, वाचायचं काम झालं होतं. दोनाचं, लिहायचं, अजून माझ्या हातात होतं.

मी उठून श्रीपादजवळ गेले. पाटी घेतली आणि लिहिलं, "तुमच्या मशीनमध्ये आवाजांची यादी आहे. मी न विचारता ऐकली."

त्यांनी वाचलं. "चोरटी," मोठ्याने म्हणाले. शेजारच्या खोलीतली मुलगी हसली.

मी पुसून लिहिलं, "त्यात माझे दोन आवाज आहेत. साधा बोलते तो, तीन नंबर. ओरडते तो, एकोणीस. मशीन एकोणीस दाबून टाकतं. आकडा बदलून तो वाढवता येईल. वाढवू?"

आता ते हसले नाहीत. पाटी घेतली. ऐकू येत नसताना ते लिहून सहसा बोलत नाहीत, तोंडानेच ओरडतात. पण या वेळी लिहिलं.

"तीनचा कमी आहे का?"

"नाही. तो सगळ्यांत वर आहे. पण २०३९पासून ऐकलेला नाही."

"दुरुस्तीचे तीन आठवडे," त्यांनी लिहिलं. लगेच. म्हणजे त्यांना माहीत होतं. त्यांनी पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी पाटी माझ्याकडे केली.

"मला कळत होतं काहीतरी झालंय. सांगितलं नाही. तू रागावलीस की आवाज आपोआप लांब जायचा. सुरुवातीला बरं वाटायचं. मग सवय झाली."

मला राग आला. खरंच आला. सात वर्षं मी घसा फोडत होते, आणि हा माणूस आत बसून आरामात शब्दकोडं सोडवत होता! माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, चांगलं वरच्या पट्टीतलं, आणि ते त्यांना ऐकूही येणार नव्हतं. तेव्हा मला कळलं की सगळी वाक्यं मी अशीच बोलत आले आहे.

"मग? वाढवू का?" मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

त्यांनी मान हलवली. "नको. एकोणीसला आहे तिथे राहू दे. तीनची वाट बघतो."

तहसीन परत आली तेव्हा पट्टी पूर्ण हिरवी झाली होती. फाइल शाबूत होती, एकही ओळ रिकामी नव्हती. खाचेतल्या जुन्या मशीनचा दिवा मिटला आणि पुन्हा लागला नाही. आम्ही दोघींनी तो पाहिला.

नवीन मशीनमध्ये भरण्याआधी मी आणखी एक काम केलं. लिनक्समध्ये श्रीपाद नावाचा एक वापरकर्ता तयार केला आणि नकाशाची मालकी त्यांच्या नावावर केली. हक्क सहाशे चाळीस. मालकाला वाचायचा आणि लिहायचा, केंद्राच्या गटाला फक्त वाचायचा, बाकी जगाला शून्य.

"मॅडम, सरांना लिनक्सचं ल येत नाही."

"नसू दे. कान त्यांचा आहे. तुला मशीनमध्ये भरायला वाचता आलं की पुरे. बदलायचं असेल तर त्यांना समोर बसवून पासवर्ड टाकायला लाव."

"आणि तुम्ही?"

"मी बाकी जगात," मी म्हटलं, आणि रूटमधून बाहेर पडले.

भरायला वीस मिनिटं लागली. तहसीनने हुबळीच्या आजोबांचं मशीन श्रीपादच्या कानामागे बसवलं आणि त्यांच्या पाठीमागे जाऊन विचारलं, "सर, ऐकू येतंय?"

"येतंय. तुझ्या खुर्चीच्या चाकाला तेल नाही, तेही ऐकू येतंय."

तहसीनने डोळे पुसले आणि मग खुर्चीला लाथ मारली. तिने त्यांना शब्द म्हणायला लावले, आकडे म्हणायला लावले. त्यांनी सगळं बरोबर म्हटलं. मी बाटली उघडली. पाणी प्यायले. घसा खाकरला. तो तीन नंबर सात वर्षांपूर्वीचा. आता माझे दात वेगळे, श्वास वेगळा. माझ्यात तो शिल्लक असेल की नाही, आणि असला तरी मशीनला ओळखू येईल की नाही, मला सांगता आलं नसतं.

बाहेर रस्त्यावर दुपारची रहदारी होती. ते माझ्या दोन पावलं पुढे चालत होते, पिशवी हातात.

"भूक लागली का हो?" मी म्हटलं. अगदी हळू. मलाच जेमतेम ऐकू आलं.

ते चालत राहिले. एक ट्रक गेला. घशात ती जुनी चढण तयार झाली, अहो-पासून सुरू होणारी. मी ती गिळली.

"भूक लागली का हो?" तेवढ्याच आवाजात.

ते थांबले. वळले नाहीत, नुसते थांबले, लेथवर काहीतरी वेगळं वाजलं की थांबायचे तसे, मान किंचित तिरकी करून.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं. "नीट आलं नाही. पुन्हा म्हण."

मी दोन पावलं पुढे गेले, त्यांच्या उजव्या बाजूला, आणि आवाज न चढवता तिसऱ्यांदा विचारलं.